पाटणादेवी परिसरातील पदभ्रमण

पाटणादेवी हे महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यातील देवस्थान व वनक्षेत्र आहे. चाळीसगाव शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटर अंतरावर, अजिंठा-सातमाळा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी ते वसले आहे. हा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांना सोबत घेऊन जंगलातून पायी फिरता येईल, अशा खानदेशातील मोजक्या ठिकाणांत त्याची गणना होते. मात्र ही सुलभता ऋतूवर आणि ओढ्याच्या पाण्यावर अवलंबून असते.

अभयारण्य

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २६१ चौरस किलोमीटर आहे. यातील मोठा भाग पठारावर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असून सुमारे ६४ चौरस किलोमीटरचा भाग जळगाव जिल्ह्यात येतो. नावातील ‘औट्रम’ म्हणजे खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम होय. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाटही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, धावडा, सालई, खैर, पळस, सीताफळ आणि अंजन ही येथील नेहमीची झाडे. अंजनाचे पान आपट्यासारखे दुभागलेले, पण आकाराने लहान असते. मुलांना ओळखायला शिकवावे असे हे खानदेशाचे झाड आहे. वानर, मोर, नीलगाय व रानडुक्कर हे प्राणी येथे आढळतात. बिबट्याचा वावर कायमचा आहे. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघही गौताळ्यात नोंदवला गेला.

पायवाटा आणि त्यांवरील स्थळे

येथील वाटा पर्यटकांसाठी आखलेल्या नाहीत. आज अरण्य दिसते तेथे यादवकाळात पाटण नावाचे भरभराटीचे नगर होते. यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे तेथून राज्य करी. चालण्याचे टप्पे आखूड आणि प्रत्येक टप्प्याशी पाहण्याजोगे काही, हा कुटुंबांना सोयीचा गुण या जुन्या वस्तीमुळेच आला आहे.

सर्वांत सोपा टप्पा महादेव मंदिरापासून चंडिकादेवीच्या मंदिरापर्यंतचा. महादेवाच्या मंदिरातील शिलालेख शके १०७५ (इ.स. ११५३) चा आहे. निकुंभ राजा इंद्रराज याने आरंभिलेले हे बांधकाम त्याच्या पश्चात राणी श्रीदेवीने पूर्ण करवले. देवीच्या देवळातील शिलालेख अधिक प्रसिद्ध आहे. गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला आणि निकुंभ सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला उत्पन्न नेमून दिले, असे त्यात नोंदवले आहे. लेख संस्कृत असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरील कराचा वाटा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला मिळत असे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख अभ्यासकांपुढे आणला. यावरून भास्कराचार्यांचा जन्म येथेच झाला, असे मात्र सिद्ध होत नाही. त्यांनी स्वतः सांगितलेल्या विज्जलविड या गावाच्या स्थानाविषयी मतभेद आहेत. परिसरात मिळणारी माहिती हा भेद नेहमी पाळतेच असे नाही.

मंदिराच्या पुढे ओढ्याच्या काठाने वाटा फुटतात. एक केदारकुंडाच्या धबधब्याकडे जाते, तर दुसरी पितळखोऱ्याकडून उतरणाऱ्या ओढ्यावरील धवलतीर्थाकडे. या वाटांवर चढ फारसा नाही, पण दगडगोटे पुष्कळ आहेत आणि ओढा ओलांडावा लागतो. मोठी मुले हे टप्पे आनंदाने पार करतात. गुडघेदुखी असलेल्यांनी देवळापाशी थांबणे श्रेयस्कर. कान्हेरगडाच्या अंगावरील नागार्जुन कोठी व सीतेची न्हाणी ही लेणी पाहण्यासाठी उभा चढ चढावा लागतो.

धवलतीर्थाच्या वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून ती कोरली गेली. पाटणादेवीकडून घळीतून चढणारी वाट अवघड असून लहान मुलांसाठी योग्य नाही. त्यांना घेऊन जायचे झाल्यास कन्नड बाजूने पठारावर वाहनाने जाऊन पायऱ्यांनी उतरावे. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. जवळच्या नागाच्या फण्यांना छिद्रे ठेवलेली असून टाक्यातील पाणी त्यांतून ठिबकावे अशी योजना होती. डोक्यावर पात्र घेतलेला येथील हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कान्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे.

पाण्याचा स्वभाव

येथील खरा धोका पाण्याचा आहे. डोंगरी नदी या डोंगरात उगम पावून चाळीसगावात तितूर नदीला मिळते. पठारावरची माती विरळ आणि खालचा कातळ कठीण असल्याने मोठ्या सरीचे पाणी मुरत नाही. ते थेट घळीत उतरते. पाऊस वर पठारावर पडत असतो, खाली देवळापाशी ऊन असते, आणि तरीही ओढा थोड्या वेळात चढतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डोंगरी व तितूर नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगावात मोठी हानी केली. त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला.

निवळ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यासोबत पाने व काटक्या वाहत येणे आणि वरच्या बाजूने घुमता आवाज ऐकू येणे या पुराच्या पूर्वखुणा होत. त्या दिसताच सामान सोडून काठावर उंच जागी चढावे. पलीकडच्या काठावर अडकल्यास पाणी ओसरेपर्यंत तेथेच थांबावे. मूल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडण्याचा प्रयत्न करू नये, कारण गुडघाभर वेगवान पाणीही प्रौढ माणसाचा पाय उचलते. पात्रातील खडकावर डबा उघडून बसण्याची हौस पावसाळ्यात टाळलेली बरी.

वन्यप्राणी व नियम

२०१७ च्या उत्तरार्धात चाळीसगाव परिसरातील गिरणाकाठच्या शेतशिवारात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक जणांचा मृत्यू झाला. मृतांत लहान मुलेही होती. डिसेंबरमध्ये तो बिबट्या मारण्यात आला. या घटना अभयारण्यातील पायवाटांवर घडलेल्या नाहीत. तरीही मुलांना मोठ्यांच्या मध्ये चालवणे, एकट्याने झुडपाआड न पाठवणे आणि सूर्यास्तापूर्वी परतणे हे संकेत त्या अनुभवाशी जुळतात. कड्यांच्या कपारींत आग्यामाश्यांची मोहळे असतात. तेथे धूर, आरडाओरडा व दगडफेक या तिन्ही गोष्टी घातक ठरतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार पर्यटनासाठी प्रवेशास परवाना लागतो. कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास मनाई आहे. वानरांना खाऊ देण्याची सवय भाविकांत रूढ आहे. त्यामुळे वानर पिशव्या ओढू लागतात, आणि पहिली पिशवी बहुधा लहान मुलाच्या हातची असते.

काळ व प्रवास

पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ कुटुंबांसाठी सर्वांत योग्य. नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी मोठी गर्दी होते, तेव्हा जंगल पाहण्याचा हेतू साधत नाही. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि खानदेशचे ऊन दुपारी चालू देत नाही. चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असून धुळ्याहून येणारा फाटाही तेथेच मिळतो. पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य आणि जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्यातील यावल अभयारण्य व त्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण हे याच प्रकारच्या सहलीचे अन्य पर्याय आहेत.