मालक, नोकरीचा दाखला द्याल का?

* प्रतिनिधी

सोमवारची सुट्टी सोडली तर दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नसते. स्वस्तातले फॅशनेबल टॉप, जीन्स आणि एक्स्पोर्टचे कपडे घ्यायला मुली लांबलांबून येतात. भाव करताना आपण दुकानातल्या मुलाशी हुज्जत घालतो. पण तो तिथे किती वर्षं काम करतोय, हे अनेकदा कुठल्याच कागदावर नसतं. पगार रोख मिळतो आणि हिशेब मालकाच्या वहीत राहतो. तोवर सगळं ठीक चालतं, जोवर कुणी त्याला विचारत नाही, ‘‘नोकरी करतोस याचा पुरावा काय?’’

कागद कुठे कुठे लागतो?

खोली भाड्याने घेताना, बाइकसाठी कर्ज काढताना, नवी नोकरी धरताना हा प्रश्न येतोच. शेंगेन व्हिसासाठीही नोकरीचं आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र मागतात. मोठ्या कंपनीत हे काम एचआर विभाग करतो. पण दुकान, क्लिनिक, ब्युटी पार्लर किंवा क्लास चालवत असाल, तर ते पत्र तुम्हालाच लिहायचं असतं.

घरकाम करणाऱ्या ताईंची अडचण याहून मोठी आहे. सरोजिनी नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. 2016 साली केंद्र सरकारने दिल्लीतल्या 7 सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यात हीसुद्धा होती. क्वार्टर रिकामं झालं किंवा साहेबांची बदली झाली, की कुटुंब दुसरीकडे जातं. मागे राहिलेल्या ताईंची 10-15 वर्षांची मेहनत केवळ तोंडी उरते. नव्या घरी त्यांना पुन्हा अनोळखी म्हणून उभं राहावं लागतं. निघताना दिलेलं 4 ओळींचं पत्र अशा वेळी मोठा आधार ठरतं.

लिहून दिलं तर अडकू का?

अनेक मालक याच भीतीने टाळाटाळ करतात. उद्या हाच कागद दाखवून याने काही मागितलं तर? पण जबाबदारी पत्रामुळे येत नाही, ती कामावर ठेवल्यापासूनच असते. साधारणपणे 10 किंवा अधिक कर्मचारी असले की ग्रॅच्युइटी आणि ईएसआय लागू होतं, 20 असले की पीएफ. पत्र न दिल्याने यातलं काहीच टळत नाही.

लेखी कागदाची अपेक्षाही नवी नाही. दिल्लीच्या 1954 सालच्या दुकानं व आस्थापना कायद्यात नियुक्तिपत्राची तरतूद आली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनीही नियुक्तिपत्रावर भर दिला आहे. तुमच्या दुकानाला कोणता नियम लागू होतो, हे तुमच्या सीएला विचारून घ्या.

पत्र कसं लिहावं?

लेटरहेड असेल तर त्यावर, नसेल तर साध्या कागदावर पत्ता आणि फोन नंबर घालून लिहा. दिल्लीत ते हिंदी किंवा इंग्रजीत द्यावं. मजकूर एवढा पुरे :

‘दिनांक ... . श्री./श्रीमती ... हे/या आमच्याकडे दि. ... पासून ... या कामावर आहेत. त्यांचा सध्याचा मासिक पगार रु. ... आहे. हे पत्र त्यांच्या विनंतीवरून ... या कारणासाठी दिलं आहे. सही, नाव, हुद्दा, शिक्का.’

कर्मचारी नोकरी सोडून गेला असेल, तर शेवटची तारीखही लिहा. पगाराचा आकडा प्रत्येक ठिकाणी लागत नाही. घरमालकाला फक्त नोकरीची खात्री हवी असेल, तर तो आकडा वगळा. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

हे मात्र टाळा

* दयेपोटी पगार वाढवून लिहू नका. त्या आकड्यावर मिळालेल्या कर्जाचा हप्ता त्याला खऱ्या पगारातून भरावा लागेल आणि खोट्या पत्राचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.

* जात, धर्म, आजारपण, घरची भांडणं यांचा उल्लेख नको.

* सही केलेला कोरा कागद कुणालाही देऊ नका.

* चौकशीचा फोन आला, तर समोरचा कोण आहे याची खात्री करा. कर्मचाऱ्याने होकार दिला असेल तेवढंच सांगा.

* भांडून नोकरी सोडली म्हणून दाखला अडवू नका. त्याने केलेलं काम भांडणामुळे पुसलं जात नाही.

तुम्ही नोकरी करत असाल तर

गरज पडेपर्यंत थांबू नका. कामावर लागतानाच नियुक्तिपत्र मागा. पगार शक्यतो बँक खात्यात किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे दर महिन्याची नोंद आपोआप राहील. फॉर्म 16 आणि पीएफ पासबुक मिळत असेल, तर तेही जपा. दाखला मागताना तो कुणाला दाखवायचा आहे आणि कधीपर्यंत हवा आहे, हे स्पष्ट सांगा. हातात पडल्यावर तारीख आणि नावाचं स्पेलिंग तपासा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मालकासाठी हे 10 मिनिटांचं काम आहे. पण समोरच्याला यातून खोली, कर्ज किंवा पुढची नोकरी मिळू शकते. म्हणून कुणी दाखला मागितला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी लिहून द्या.