फोनवर अंगठा उठवू नका

पूर्वी गावोगाव सावकार असे. अडल्यानडल्या माणसाला तो पैसे देई आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेई. पुढे त्या कागदावर काय लिहिले जाई, ते अंगठा देणाऱ्याला कळत नसे. घेतले शंभर, कागदावर झाले हजार. असे करून कित्येकांच्या जमिनी गेल्या. वाचता येत नव्हते, म्हणून हे घडले.

आता आपण वाचायला शिकलो. कोऱ्या कागदावर आता कोणी अंगठा देणार नाही. पण मंडळी, तोच कोरा कागद आज नव्या रूपाने घरात येतो आहे. तो येतो फोनवरून.

कार्ड म्हणजे काय?

आज पुष्कळ घरांत बँकेचे कार्ड आहे. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली निघाली. २०१४ साली जनधन योजना सुरू झाली, तेव्हा खात्याबरोबर रूपे कार्डही मिळू लागले.

कार्डे मुख्यतः दोन तऱ्हेची. डेबिट कार्डाने आपल्याच खात्यातले पैसे निघतात. क्रेडिट कार्डाने बँकेचे पैसे उसने मिळतात. ते मुदतीत फेडावे लागतात, नाही तर व्याज चढते. म्हणून डेबिट कार्डावर चोराने हात मारला तर आपली शिल्लक जाते. क्रेडिट कार्डावर मारला तर आपल्या नावावर कर्ज उभे राहते. पैसा चोराने खायचा आणि हप्ते आपण भरायचे!

कार्डावर एक लांबलचक आकडा असतो. कार्डाची मुदत कधी संपते तो महिना आणि वर्ष असते. शिवाय एक तीन अंकी आकडा असतो, त्याला सीव्हीव्ही म्हणतात. पिन मात्र कार्डावर नसतो. तो आपल्या मनात ठेवायचा असतो.

याखेरीज आणखी एक आकडा आहे. त्याचे नाव ओटीपी. हा एकदाच चालतो आणि थोडाच वेळ चालतो. कार्डावरून कोणी पैसे मागितले की बँक मालकाच्या फोनवर हा आकडा पाठवते. जणू ती विचारते, "मालक, हे पैसे तुम्हीच मागता ना?" तो आकडा म्हणजे मालकाचा होकार. आजचा अंगठा तो हाच.

चोर काय करतो?

फोन वाजतो. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलतो.

"नमस्कार काका, बँकेतून बोलतोय. तुमच्या कार्डाची केवायसी राहिली आहे. आज संध्याकाळी कार्ड बंद पडेल."

"अरे बाप रे! मग आता काय करायचं?"

"काही नाही काका, मी इथूनच करून देतो. फक्त कार्डावरचे आकडे वाचून दाखवा. हां, आता तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तेवढा सांगा."

इकडे तो बोलत असतो आणि तिकडे आपल्या कार्डाचे आकडे भरून माल विकत घेत असतो. मग बँक आपल्या फोनवर ओटीपी पाठवते. इथे चोराची गाडी अडते. बाकी सारे त्याच्या हाती आले, पण आपला होकार नाही. म्हणून तो घाई करतो. भीती घालतो, "कार्ड बंद होईल." नाही तर लोभ दाखवतो, "तुम्हाला बक्षीस लागलंय." भ्यालेला माणूस विचार करत नाही. लोभाला पडलेला तर मुळीच करत नाही.

अशा वेळी ओटीपीचा संदेश स्वतः वाचावा. त्यात बहुधा रक्कम लिहिलेली असते. हा आकडा कोणाला सांगू नका, असेही लिहिलेले असते. चोर नेमके तेच वाचू देत नाही. तो म्हणतो, "बाकीचं सोडा, फक्त आकडा सांगा." सावकारही असेच म्हणे, "वाचायचं काय त्यात? अंगठा उठव!"

संदेश इंग्रजीत असला तरी रकमेचा आकडा आपल्याला ओळखता येतो. उरलेले शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. पण आधी फोन ठेवावा.

कोणी म्हणेल, "त्याला तर माझं नाव ठाऊक होतं, कार्डाचे काही आकडेही ठाऊक होते. मग तो बँकेचाच नव्हे का?" नव्हे. अशी माहिती चोरांना इकडून तिकडून मिळते. फोनवर बँकेचे नाव दिसले तरी भुलू नये. तेही खोटे दाखवता येते. साधा विचार करावा. ओटीपी बँकेनेच पाठवला. मग तो ती आपल्याला का विचारील?

चोराच्या आणखी दोन युक्त्या सांगतो. सरकारी योजनेची यादी आहे असे सांगून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो. ती उघडून फोनमध्ये घेतली की आपले संदेश तो दुरून वाचू शकतो. दुसरी युक्ती अशी. तो म्हणतो, "तुमच्या खात्यात पैसे टाकतोय, पिन दाबा." ध्यानात ठेवा, पैसे येताना पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाताना.

पैसे गेलेच तर?

चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर फिरवतो आणि काढून घेतो. ते वाटेत असतानाच अडवायला हवेत. म्हणून ताबडतोब १९३० या नंबरला फोन करावा. हा सरकारी नंबर याच कामासाठी आहे. तिथून पुढच्या बँकांना खबर जाते आणि पैसे खात्यात असतील तर अडकवून ठेवता येतात. लगेच आपल्या बँकेलाही कळवावे आणि कार्ड बंद करायला सांगावे. तक्रारीचा नंबर मागून घ्यावा. किती वाजता कळवले, तेही लिहून ठेवावे. उद्या बघू म्हटले तर बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होते.

वेळेला एवढे महत्त्व का? २०१७ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना नियम घालून दिले. ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर पैसे गेले तर ते नुकसान बँकेचे. आणि दोष ग्राहकाचाही नाही, बँकेचाही नाही, तिसऱ्याच ठिकाणी घोटाळा झाला, आणि ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच भार नाही.

पण पुष्कळ लोक लाजेने गप्प बसतात. म्हातारी सुनेला सांगत नाही, मुलगा बापाला सांगत नाही. तेवढ्यात चोर पसार होतो. आम्ही म्हणतो, फसणे हा गुन्हा नाही, फसवणे हा गुन्हा आहे. घरात कोणी फसले तर त्याला रागावू नका. आधी १९३० लावा.

ध्यानात ठेवा

१. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कोणालाही सांगू नये. साहेबालाही नाही, पाहुण्यालाही नाही.

२. बँकेचे नाव सांगून फोन आला तर तो ठेवून द्यावा. मग पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीवरचा नंबर लावून आपण विचारावे, नाही तर शाखेत जावे.

३. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नये.

४. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० लावावा.

हा १९३० आकडा घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि शेजारी ज्यांना अजून वाचता येत नाही, पण ज्यांच्या हाती फोन आहे, त्यांना हा धडा वाचून दाखवा.