समशेर, चंद्रकोर आणि तुर्की टोपी: अमेरिकेतले 'श्रायनर' नेमके कोण?

लाल तुर्की टोपी, काळा गोंडा, टोपीवर चमकणारी वाकडी तलवार आणि तिच्याखाली लटकणारी चंद्रकोर. अशा गोऱ्या माणसांचा फोटो मोबाईलवर आला की आपल्याकडे दोन प्रकारची चर्चा होते. कुणी म्हणतं, "माशाअल्लाह, अमेरिकेतले मुसलमान!" कुणी म्हणतं, "हा इस्लामविरुद्धचा गुप्त कट आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

हे लोक 'श्रायनर' म्हणून ओळखले जातात. फ्रीमेसन या जुन्या बंधुत्व संघटनेतून ही शाखा निघाली. फ्रीमेसन आपल्याकडेही होते; मुंबईत १८४३ साली खास हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठी त्यांचं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' लॉज सुरू झालं. श्रायनर मात्र अमेरिकेतले. डॉक्टर वॉल्टर फ्लेमिंग आणि नट विल्यम फ्लॉरेन्स यांनी न्यूयॉर्कमध्ये ही संघटना उभी केली. १८७२ मध्ये पहिली शाखा निघाली, तिचं नाव 'मक्का टेंपल'. पुढे शिकागोत 'मदीना टेंपल' झालं. संघटनेच्या पूर्ण नावात 'अरेबिक' हा शब्द होता आणि त्यांच्या विधींत चक्क सलामही होता. पण सदस्य मुसलमान नव्हते. बहुतेक ख्रिस्ती होते. मेसन मंडळींना मौजमजेसाठी एक क्लब हवा होता आणि त्या काळात पश्चिमेत 'पूर्वेकडच्या' पोशाखाची फॅशन होती.

आता तलवारींकडे वळू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. ते संपल्यावर तिथे अशा संघटनांचं पेव फुटलं. गणवेश, संचलन आणि कमरेला तलवार हा त्यांचा थाट होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एम्स कंपनीसारखे लष्करी तलवारी बनवणारे कारखाने मग या संघटनांसाठीही तलवारी घडवू लागले. त्या लढाईसाठी नव्हत्या. पात्यावर नक्षी आणि बऱ्याचदा मालकाचं नाव कोरलेलं असे.

मेसन मंडळींच्या 'नाइट्स टेंप्लर' शाखेची तलवार सरळ असते. तिच्यावर क्रॉस असतो आणि मुठीच्या टोकाला बहुधा शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं डोकं. हे नाव घेतलंय क्रूसेडच्या काळातल्या टेंप्लर लढवय्यांवरून. ११८७ मध्ये हित्तीनच्या लढाईत सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी ज्या फौजेचा पराभव केला, तिच्यात हेच टेंप्लर होते.

गंमत पुढेच आहे. सन २००० पर्यंत श्रायनर व्हायचं तर आधी नाइट्स टेंप्लर किंवा मेसनांच्या 'स्कॉटिश राइट'मध्ये ३२ वी पदवी मिळवलेला असावं लागे. म्हणजे एकच माणूस एका सभेत क्रूसेडरची तलवार लावायचा आणि दुसऱ्या सभेत तुर्की टोपी घालून समशेर मिरवायचा! यात ना सलाहुद्दीनशी वैर होतं, ना इस्लामशी नातं. दोन्ही वेश नाटकातल्यासारखेच.

चिन्ह नीट पाहिलं तरी हे कळतं. श्रायनरची चंद्रकोर वाघाच्या दोन नखांची असते आणि मध्ये इजिप्तच्या स्फिंक्सचा चेहरा असतो. मशिदीवर असं काही आपण कधी पाहिलंय का? वाकडी तलवार म्हणजे 'इस्लामी' हीसुद्धा चुकीची समजूत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातल्या अरबी तलवारी सरळ असत. वाकडं पातं मध्य आशियातल्या घोडेस्वारांकडून पुढे पसरलं. तुर्की टोपीही १८२० च्या दशकात उस्मानी सुलतान महमूद दुसरे यांनी फौजेला दिली आणि १९२५ मध्ये खुद्द तुर्कस्तानातच तिच्यावर बंदी आली.

या संघटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२२ पासून श्रायनरांनी मुलांसाठी रुग्णालयं चालवली आहेत आणि पैसे नाहीत म्हणून तिथे मुलांना परत पाठवलं जात नाही. काळ्या अमेरिकनांनी १८९३ मध्ये आपली वेगळी श्रायनर संघटना काढली. नाव आणि चिन्ह वापरण्यावरून गोऱ्या श्रायनरांनी त्यांना कोर्टात खेचलं. १९२९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. मूळ संघटनेनेही २०१० पासून 'अरेबिक' हा शब्द सोडून 'श्रायनर्स इंटरनॅशनल' हे नाव घेतलं.

आपल्यासाठी मुद्दा साधा आहे. मुसलमान म्हटलं की तलवार, हे चित्र दुसऱ्यांनी रंगवलेलं आहे. सिनेमा, जाहिराती आणि अशा क्लबांनी ते पक्कं केलं. आपल्या मुलांनी तेच चित्र 'आपली शान' म्हणून स्टेटसला लावावं, हे बरं नाही. असा फोटो पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी ती चंद्रकोर मोठी करून मुलांना दाखवा आणि विचारा, यात इस्लामचं काय आहे? वाघनखं आणि स्फिंक्स पाहून उत्तर त्यांचं त्यांनाच सापडेल.