प्रवेशाच्या खिडकीतून अध्यापनाकडे

महाविद्यालयात प्रवेश-अर्ज घेणारा कारकून म्हणजे केवळ शिक्के मारणारा, असा समज आढळतो. आम्हांस तो पटत नाही. मुळगावात घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयाचा अर्ज बहुधा इंग्रजीत. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पालक, दाखले कोणते हवेत हे न कळल्याने, खिडकीवरून मुकाट परतले आहेत. मजकूर फलकावर होता. पोचला मात्र नव्हता.

असे का घडते, याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे संज्ञापन. अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड लासवेल यांनी १९४८ साली त्यातील पाच प्रश्न मांडले : कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या मार्गाने, कोणास आणि परिणाम काय? खिडकीमागील माणूस हे पाचही प्रश्न रोज अनुभवतो.

त्यास या विषयाचे अध्यापक होता येते. पदवीनंतर संज्ञापनाची पदव्युत्तर पदवी घ्यावी. पुणे विद्यापीठाचा असा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली सुरू झाला. सर्वसाधारण वर्गास ५५ टक्के गुण हवेत. मग नेट परीक्षा, पुढे पीएच.डी. वाट लांब आहे, आणि घरसंसार सांभाळून ती चालावी लागते. परंतु संशोधनाचा प्रश्न त्याच्या गाठीस आधीच असतो : परत गेलेला तो पालक. त्याचे उत्तर आमच्याच गावच्या एखाद्या मुलाने शोधावे, अशी आमची मनीषा आहे.