हाकोदाते : वाटेवरून बाजूला पडलेलं बंदर
(लेखमाला 'बंदरांची शहरं' : लेखांक ६)

मागच्या दोन लेखांकांत योकोहामा आणि कोबे पाहिली. एकाच्या पाठीशी तोक्यो, दुसऱ्याच्या पाठीशी ओसाका, त्यामुळे गोदीतला धंदा बदलला तरी ही शहरं बुडाली नाहीत. या वेळचं हाकोदाते अडीच लाखांच्या आतबाहेर वस्तीचं आहे आणि त्याच्या पाठीशी असं कोणी नाही. जपानचं मुख्य बेट होन्शू उत्तरेला संपतं, मध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी येते आणि पलीकडे होक्काइदो बेटाच्या दक्षिण टोकाला हे शहर लागतं. तिथला ३३४ मीटर उंचीचा हाकोदाते डोंगर एके काळी समुद्रातलं सुटं बेट होता. लाटांनी वाळू आणून टाकली, तो किनाऱ्याला जोडला गेला आणि त्या वाळूच्या पट्ट्यावर शहर वसलं. पट्टा सर्वांत अरुंद जागी जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे आणि दोन्ही अंगांना समुद्र आहे. डोंगराच्या आडोशाला वारा लागत नाही, पाणी खोल आहे, म्हणून नैसर्गिक बंदर उत्तम. पण उत्तम बंदरं जपानमध्ये शेकड्यांनी आहेत. हाकोदाते मोठं झालं ते वेगळ्याच कारणाने: तिथं थांबल्यावाचून कुणाला पुढं जाताच येत नव्हतं. ही सक्ती होती तोवर शहर वाढलं आणि सुटत गेली तसं आटलं, असं माझं म्हणणं आहे. हे पटलं तर सध्या त्या शहरात गाजणाऱ्या रेल्वेच्या वादाकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

पुरावा अगदी सुरुवातीपासून मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ताकादाया काहेई या व्यापाऱ्याने इथं बस्तान बसवलं. उत्तरेकडचा मासा आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ इथं गोळा करायचं, गलबतांत भरायचं आणि ओसाकाला न्यायचं, असा त्याचा व्यवहार. १८५४ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीच्या आरमारापुढे जपानची शोगुनशाही ही लष्करी राजवट नमली आणि कानागावाचा तह झाला. त्यात अमेरिकी जहाजांसाठी शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं उघडली गेली. कशासाठी, तर लाकूडफाटा, पाणी, अन्न आणि कोळसा घेण्यासाठी. रीतसर व्यापार सुरू व्हायला १८५९ उजाडलं. म्हणजे जगाशी हाकोदातेची ओळख झाली तीच वाटेवरचा थांबा म्हणून. पुढे यादवी युद्धात हरलेल्या शोगुनपक्षाचा एनोमोतो ताकेआकी आपलं आरमार घेऊन इथं आला. गोऱ्योकाकूच्या चांदणीच्या आकाराच्या किल्ल्यात त्याने ठाण मांडलं आणि १८६९ मध्ये शरण आला. ही हकिगत रंगतदार आहे आणि पर्यटकांना तीच सांगितली जाते. मला मात्र तिच्यानंतरची घटना महत्त्वाची वाटते. नव्या मेइजी सरकारने होक्काइदोचा कारभार १८७१ मध्ये सापोरोला हलवला. राजधानीचा मान गेला की शहराची रया जाते, असा आपला समज असतो. इथं तसं घडलं नाही. १९२० च्या पहिल्या राष्ट्रीय जनगणनेत सापोरोची वस्ती १ लाख २ हजार भरली, तर हाकोदातेची १ लाख ४४ हजार. कचेऱ्या सापोरोला गेल्या, पण तिथं जाणारी बहुतेक माणसं आणि बराचसा माल हाकोदातेच्या धक्क्यावरच उतरत होता.

१९०८ मध्ये होन्शूच्या उत्तर टोकाचं आओमोरी ते हाकोदाते अशी सरकारी रेल्वेची फेरीबोट सुरू झाली आणि सक्तीला वेळापत्रक आलं. विसाच्या दशकात मालगाडीचे डबेच्या डबे बोटीत चढू लागले. बोटीच्या पोटात रूळ टाकलेले असत, इंजिन मागून डबे ढकलत नेई आणि पलीकडे दुसरं इंजिन ते ओढून काढी. उतारूंना मात्र उतरावंच लागे. सुमारे पावणेचार तासांचा प्रवास संपला की हाताशी सामान घेऊन माणसं धक्क्यावरच्या पुलावरून पुढच्या गाडीतली जागा पकडायला धावत सुटत. चढण्याआधी नाव-पत्ता लिहिलेला कागद द्यावा लागे, बोट बुडालीच तर उपयोगी पडावा म्हणून. तो नुसता उपचार नव्हता. २६ सप्टेंबर १९५४ च्या वादळात 'तोया मारू' हाकोदातेच्या उपसागरातच बुडाली आणि १,१५५ माणसं गेली. समुद्राखालून बोगदा काढण्याच्या कल्पनेने जोर धरला तो या दुर्घटनेनंतर.

शहराचं काम शाबूत असलं की ते किती सोसू शकतं, हे त्याआधी एकदा दिसून गेलं होतं. २१ मार्च १९३४ च्या रात्री वणव्यासारखी आग पसरली, २,१६६ माणसं मेली आणि शहराचा मोठा भाग राख झाला. आज तिथं जे रुंद, झाडांनी भरलेले रस्ते दिसतात, ते पुढची आग अडवण्यासाठी तेव्हा आखलेले. पण दुसऱ्याच वर्षी, १९३५ च्या जनगणनेत वस्ती २ लाख ७ हजार भरली, म्हणजे १९३० पेक्षा जास्तच. ज्या शहराला आग बुडवू शकली नाही, त्याला विमान आणि बोगदा यांनी उतरती कळा लावली. फेरीबोटीचे उतारू १९७३ च्या सुमारास वर्षाला जवळपास ५० लाखांवर गेले आणि तिथून घसरले, कारण तोक्योचा माणूस थेट विमानाने सापोरोला जाऊ लागला. १३ मार्च १९८८ ला ५३.८५ किलोमीटर लांबीचा सेइकान बोगदा खुला झाला आणि त्याच दिवशी ८० वर्षांची फेरीसेवा बंद पडली. (१९७६ मध्ये सोव्हिएत वैमानिक बेलेन्को मिग-२५ घेऊन पळून आला, तेव्हा त्यालाही गाठायचा होता होक्काइदोवरचाच चितोसेचा हवाई तळ. इंधन संपत आलं म्हणून तो हाकोदातेला उतरला. नाइलाजाने इथं थांबलेल्या नामवंतांत त्याचीही गणना करायला हरकत नाही.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सगळा जपानच म्हातारा होतोय, लहान शहरं सगळीकडे ओस पडताहेत, मग एका बोगद्याला दोष का? आकडे पाहू. आजची हद्द धरली तर १९८० मध्ये हाकोदातेत सुमारे ३ लाख ४५ हजार लोक होते, २०२० मध्ये २ लाख ५१ हजार. चाळीस वर्षांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसं गेली. याच काळात जपानची एकूण लोकसंख्या ११ कोटी ७० लाखांवरून १२ कोटी ६१ लाखांवर गेली होती आणि सापोरो १९ लाखांच्या पुढे पोचलं होतं. देशाची घट सुरू होण्याच्या कितीतरी आधी हाकोदातेची सुरू झाली, तेव्हा देशाच्या वार्धक्यावर सगळं ढकलता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हे मासेमारीचं बंदर, ते मासेमारीनेच मारलं. १९७७ मध्ये सोव्हिएत संघाने २०० सागरी मैलांची हद्द लागू केली आणि उत्तरेच्या समुद्रातली सामन-खेकड्यांची मोठी मासेमारी आवळली गेली, हे खरंच. पण ती मासेमारी हाकोदातेच्या पाण्यात कधीच नव्हती. मासा होता कामचात्काजवळ. हाकोदातेत जहाजं सजत, तांदूळ, मीठ, दोरखंड, डबे भरले जात, हंगामी मजुरांची भरती होई आणि परतल्यावर हिशेब चुकते होत. तोही थांब्याचाच धंदा होता. स्क्विडच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही आणि तो ओढूनताणून लावण्यात अर्थ नाही. हा दहा बाहूंचा प्राणी शहराचा अधिकृत मासा आहे. सकाळच्या बाजारात हौदातला जिवंत स्क्विड गिऱ्हाईक स्वतः गळाने काढतं, पाणी अंगावर उडवून घेतं आणि दोन मिनिटांत त्याचे पारदर्शक काप ताटलीत येतात. २०११ च्या सुमारास साऱ्या जपानमध्ये या जातीची पकड २ लाख टनांच्या वर होती. २०२३ मध्ये ती २० हजार टनांच्या आसपास उरली. यात बोगद्याचा काही संबंध नाही. त्याची कारणं बदलत्या समुद्रात आणि बेसुमार मासेमारीत शोधायला हवीत.

राहिलं पर्यटन. २०१६ साली शिंकान्सेन ही अतिजलद रेल्वे आली आणि त्या आर्थिक वर्षात सुमारे ५६ लाख पाहुणे आले, तो तोवरचा उच्चांक ठरला. जपानमधल्या आकर्षक शहरांच्या पाहणीत हाकोदाते अनेकदा पहिलं आलं आहे. त्याच सुमारास रहिवाशांच्या सुखाचा अंदाज घेणाऱ्या दुसऱ्या एका क्रमवारीत ते आपल्या आकाराच्या शहरांत तळाला होतं. पाहुण्याला भावणारं शहर राहणाऱ्याला पोसतंच असं नाही. तरी इथल्या पर्यटनात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हाकोदातेची सर्वांत खपणारी वस्तू म्हणजे डोंगरावरून दिसणारं रात्रीचं दृश्य: दोन काळ्या समुद्रांमधला दिव्यांचा आवळलेला पट्टा, आणि हंगामात दूरवर स्क्विड पकडणाऱ्या होड्यांचे प्रखर दिवे. हे पाहायचं तर सूर्यास्त होऊ द्यावा लागतो. तीन मिनिटांत वर नेणाऱ्या रोपवेची रांग ओसरून माणूस खाली येतो तेव्हा उशीर झालेला असतो आणि खोली घ्यावीच लागते. म्हणजे हॉटेलवाल्यांचं जे चालतं, तेही मुक्कामाच्या सक्तीवरच.

आता रेल्वेचा वाद. शिंकान्सेन आली खरी, पण हाकोदातेत नव्हे. तिचं स्थानक सुमारे १८ किलोमीटर दूर, शेजारच्या होकुतो शहरात आहे आणि तिथून वीसेक मिनिटांची जोडगाडी घ्यावी लागते. २०२३ मध्ये महापौर झालेल्या ओओइझुमी जुन यांनी शिंकान्सेन थेट शहरातल्या जुन्या स्थानकात आणण्याचा मुद्दा निवडणुकीत मांडला होता. २०२४ च्या अहवालात हे तांत्रिकदृष्ट्या शक्य ठरलं. खर्चाचा अंदाज सुमारे १,५७० ते १,८६० कोटी येन. पाठिराख्यांचं म्हणणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सापोरोपर्यंतचा मार्ग पुरा झाला की गाड्या शहराला वळसा घालून निघून जातील आणि जुन्या मार्गाची जबाबदारीही रेल्वे कंपनी सोडून देईल. तेव्हा आत्ताच पाय रोवला नाही तर शहर नकाशावरून पुसलं जाईल, अशी त्यांची भीती आहे. भीती रास्त आहे, उपाय मात्र रोगाशी जुळत नाही. दीडशे वर्षांच्या इतिहासात जलद वाहनाने या शहराला माणसं आणून दिली त्यापेक्षा अधिक पुढं नेली. वीस मिनिटं वाचल्याने तोक्योचा माणूस एक रात्र जास्त राहणार नाही. सापोरोचा मार्ग २०३८ या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत लांबल्याचं सांगितलं जातं. ही सवलतीची वर्षं जोडगाडी आणि जुना मार्ग टिकवण्यावर खर्च करणं अधिक शहाणपणाचं. होक्काइदोचे बटाटे आणि कांदे होन्शूला नेणाऱ्या मालगाड्यांनाही तोच मार्ग लागतो, त्यामुळे त्याचा भार एकट्या हाकोदातेने उचलावा असंही नाही.

थांबण्याची खरी कारणं अजून शिल्लक आहेत. सामुद्रधुनीपलीकडच्या ओमा गावातून दीड तासाची फेरी आजही येते आणि तिच्यातून लोक हाकोदातेच्या इस्पितळांत येतात, कारण त्यांच्या बाजूला तशी सोय जवळ नाही. होक्काइदो विद्यापीठाचा मत्स्यविज्ञान विभाग इथंच आहे. त्याच्याशी हातमिळवणी करून शहराने किंग सामनच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं आहे. २००४ मध्ये शहरात सामील झालेल्या मिनामीकायाबेच्या किनाऱ्यावर कोम्बूची शेती होते. यातलं एकही काम १९७३ चे ५० लाख उतारू परत आणणार नाही. पण इस्पितळ, मत्स्यशाळा आणि शेवाळाची शेती यांना बोगद्याने वळसा घालता येत नाही. हाकोदातेने पैसा लावायचा तर इथं लावावा, रुळांवर नव्हे.

पुढच्या आठवड्यात शिमोनोसेकी. तिथं समुद्राखालचा रेल्वे बोगदा १९४२ मध्येच आला होता.