दिवाडीची सुस्त दुपार

मंठाळ गावाहून बसवकल्याण जवळ, समुद्र मात्र फार लांब. तरीही इथल्या माणसाचं गोव्याच्या दिवाडी बेटाशी जुनं नातं आहे. गोव्याचे कदंब राजे कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्यांचे मांडलिक होते आणि त्यांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की घाई संपते.

बेटाला पूल नाही, म्हणूनच ही शांतता टिकली असावी. खाजणाच्या बांधावर बगळे, पिएदादच्या टेकडीवर चर्च, दुपारी जेवून ओसरीवर ताणून द्यायची! ऑगस्टमधल्या बोंदेराच्या उत्सवाला मात्र तुफान गर्दी उसळते. निवांतपणा हवा असेल तर तो दिवस टाळावा.