अजय-अतुल : दोन भावांचे एक नाव

संगीतकार म्हणून अजय आणि अतुल गोगावले ही नावे वेगळी सापडत नाहीत. कोणती चाल कोणाची, हे श्रेयनामावली सांगत नाही. पुणे जिल्ह्यातल्या गावांत वाढलेल्या या भावांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. ती उणीव त्यांनी कानाने भरून काढली.

जोगत्यांच्या जगण्यावरच्या 'जोगवा'ने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. २०१० च्या 'नटरंग'मधून त्यांनी तमाशाची ढोलकी पुन्हा घरोघरी पोहोचवली. २०१६ च्या 'सैराट'साठी सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत, सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले. त्याच चित्रपटात वरातीच्या ठेक्यावरचे 'झिंगाट'ही आहे. वाद्यवृंद वरचा आणि ठेका खालचा, ही उतरंड त्यांनी मानली नाही. त्यांचे खरे योगदान हेच.

आमच्या पारोळ्याकडे वरातीत पावरीच्या चालीनंतर बँडवाले 'झिंगाट' घेतात. या बँडपथकांना आपण लग्नापुरते ओळखतो. संगीताच्या इतिहासात त्यांना जागा देत नाही. पण अजय-अतुलचे यश त्यांच्याच ठेक्यावर उभे आहे. या जोडीचा अभ्यास करायचा, तर सुरुवात गावच्या बँडपासूनच करावी लागेल.